मानवी पचनसंस्था

मानवी पचनसंस्था ही खाल्लेल्या अन्नाचे शरीराला शोषून घेता येईल अशा साध्या घटकांत रूपांतर करणारी, ते घटक रक्तात व लसीकेत पोहोचवणारी आणि न पचलेला भाग मलरूपाने बाहेर टाकणारी अवयवसंस्था होय. मुखापासून गुदद्वारापर्यंतचा सलग अन्नमार्ग आणि त्याला पाचकरस पुरवणाऱ्या लाळग्रंथी, यकृत, पित्ताशय व स्वादुपिंड हे अवयव मिळून ही संस्था बनते.

अन्नमार्ग ही दोन्ही टोकांना उघडी असलेली एक लांब नळी आहे. त्यामुळे गिळलेला घास पोटात गेला, तरी शरीरक्रियाशास्त्राच्या दृष्टीने तो अजून शरीराबाहेरच असतो. आतड्याच्या अस्तरातील पेशी ओलांडून तो रक्तात किंवा लसीकेत पोहोचतो, तेव्हाच तो खऱ्या अर्थाने शरीरात येतो. हे अस्तर मोठ्या रेणूंना सहसा वाट देत नाही. पिष्टमय पदार्थ, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ यांचे रेणू मोठे असल्यामुळे त्यांचे तुकडे करावे लागतात. या तुकडे करण्याच्या क्रियेस पचन आणि अस्तर ओलांडण्याच्या क्रियेस शोषण म्हणतात. पाणी, क्षार आणि बहुतेक जीवनसत्त्वे यांचे रेणू लहान असल्याने त्यांना पचनाची गरज नसते. त्यांचे केवळ शोषण होते.

विदर्भात, उदाहरणार्थ यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगाव परिसरात, ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी हे परंपरागत जेवण आहे. भाकरीत मुख्यतः पिष्ट, वरणात प्रथिने, जवसात तेल आणि भाजीत तंतू असल्यामुळे पचनाच्या सर्व क्रिया या एका ताटाच्या आधारे समजून घेता येतात. पुढील विवेचनात आवश्यक तेथे हेच उदाहरण वापरले आहे.

रचना

अन्नमार्गाचे भाग क्रमाने पुढीलप्रमाणे आहेत:

• मुख व मुखगुहा: दात, जीभ आणि लाळग्रंथींच्या तीन मुख्य जोड्या.
• ग्रसनी (घसा): अन्न व श्वास यांचा सामाईक मार्ग.
• अन्ननलिका: प्रौढ व्यक्तीत सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची स्नायुमय नळी.
• जठर: उदरपोकळीच्या वरच्या भागात डावीकडे असलेली पिशवी. भरपूर जेवणानंतर त्यात साधारण १ ते १.५ लिटर अन्न मावते.
• लहान आतडे: ग्रहणी (आद्यांत्र), मध्यांत्र व शेषांत्र असे तीन भाग. शवविच्छेदनात त्याची लांबी सुमारे ६ मीटर भरते. जिवंत व्यक्तीत स्नायू आकुंचित असल्याने ती कमी असते.
• मोठे आतडे: अंधांत्र, बृहदांत्र, गुदाशय आणि गुदद्वार. लांबी सुमारे १.५ मीटर. अंधांत्राला आंत्रपुच्छ जोडलेले असते.

लहान आतडे लांबीने मोठे असूनही ‘लहान’ म्हणवले जाते. हे नाव त्याच्या कमी व्यासावरून पडले आहे.

अन्नमार्गाच्या भिंतीत साधारणपणे चार थर असतात. सर्वांत आतला श्लेष्मल थर पाचकरस स्रवतो व शोषण करतो. त्याबाहेर रक्तवाहिन्या व चेतातंतूंनी युक्त थर, मग स्नायूंचा थर आणि शेवटी बाह्य आवरण असते. स्नायूंच्या थरात वर्तुळाकार व लांबीच्या दिशेने जाणारे असे दोन प्रकारचे तंतू असतात. त्यांच्या आळीपाळीने होणाऱ्या आकुंचनाने अन्न पुढे ढकलले जाते. लाटेसारख्या या हालचालीला क्रमसंकोच म्हणतात. गिळलेला घास केवळ गुरुत्वाकर्षणाने खाली जात नाही, तर या लाटेने नेला जातो. म्हणूनच आडवे असतानाही माणसाला गिळता येते.

पचनाचे टप्पे

मुख

पचनाची सुरुवात तोंडात होते. दात भाकरीचे बारीक तुकडे करतात. तुकडे जितके बारीक, तितका पाचकरसांना मिळणारा पृष्ठभाग अधिक. लाळेतील अमायलेज (टायलिन) हे विकर पिष्टाचे विघटन करून त्यापासून माल्टोज ही शर्करा तयार करते. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागू लागतो, तो याच कारणाने. लाळेतील श्लेष्मामुळे घास बुळबुळीत होतो आणि लायसोझाइममुळे काही जीवाणू नष्ट होतात. प्रौढ व्यक्तीत दिवसाला सुमारे १.५ लिटर लाळ स्रवते.

गिळताना श्वासनलिकेचे तोंड एका झडपेने झाकले जाते व श्वास क्षणभर थांबतो. हा मेळ चुकला की अन्नकण श्वसनमार्गाकडे जातो आणि ठसका लागतो.

जठर

जठर हे अन्नाचे तात्पुरते कोठार आहे. तेथे अन्न घुसळले जाते, त्यात जठररस मिसळतो आणि त्याचे पातळ लापशीसारख्या मिश्रणात रूपांतर होते. जठररसात हायड्रोक्लोरिक आम्ल, पेप्सिन आणि श्लेष्म असते. आम्लाने तीन कामे होतात: अन्नाबरोबर आलेले बरेचसे जीवाणू मरतात, प्रथिनांच्या गुंडाळलेल्या साखळ्या उलगडतात आणि निष्क्रिय पेप्सिनोजेनचे कार्यक्षम पेप्सिन बनते. तुरीच्या वरणातील प्रथिनांच्या लांब साखळ्या तोडण्यास पेप्सिन येथे प्रारंभ करते. तीव्र आम्लात लाळेतील अमायलेजचे काम मात्र थांबते.

इतके तीव्र आम्ल असूनही जठर स्वतः पचून जात नाही, कारण त्याच्या अस्तरावर श्लेष्म व बायकार्बोनेट यांचा संरक्षक लेप असतो आणि अस्तरातील पेशी सतत नव्याने तयार होत असतात. या संरक्षणात खंड पडला की व्रण (अल्सर) होतो.

जठरातून अन्न एकदम पुढे जात नाही. जठराच्या शेवटी असलेला परिसंकोची स्नायू ते थोडे थोडे ग्रहणीत सोडतो. पिष्टमय अन्न तुलनेने लवकर, प्रथिनयुक्त अन्न त्यानंतर आणि तेलकट अन्न सर्वांत सावकाश पुढे सरकते. तळलेल्या पदार्थांना ‘जड’ म्हणण्याच्या लोकव्यवहारामागे हेच कारण आहे. मिश्र जेवणानंतर जठर रिकामे होण्यास साधारण ३ ते ४ तास लागतात.

लहान आतडे, स्वादुपिंड आणि यकृत

पचनाचे बहुतेक काम लहान आतड्यात, विशेषतः त्याच्या सुरुवातीच्या भागात होते. ग्रहणीत आलेले आम्लयुक्त मिश्रण स्वादुपिंडाच्या रसातील बायकार्बोनेटने उदासीन केले जाते. स्वादुपिंडाचा रस तिन्ही प्रकारच्या अन्नघटकांवर काम करतो: अमायलेज पिष्टावर, ट्रिप्सिन व कायमोट्रिप्सिन प्रथिनांवर आणि लायपेज स्निग्ध पदार्थांवर. प्रथिने पचवणारी ही विकरे स्वादुपिंडातून निष्क्रिय रूपात बाहेर पडतात व आतड्यात पोहोचल्यावरच सक्रिय होतात. ती स्वादुपिंडातच सक्रिय झाली, तर त्या ग्रंथीलाच पचवू लागतात. स्वादुपिंडाचा तीव्र दाह या गंभीर विकारात असेच घडते.

यकृत ही शरीरातील सर्वांत मोठी ग्रंथी आहे. प्रौढ व्यक्तीत तिचे वजन सुमारे १.५ किलोग्रॅम असते. यकृत पित्तरस तयार करते व पित्ताशय तो साठवून दाट करते. पित्तरसात पचनाची विकरे नसतात. त्यातील पित्तक्षार तेलाच्या मोठ्या थेंबांचे अतिसूक्ष्म थेंब करतात. भांड्यांचा तेलकटपणा साबणाने सुटतो, तसाच हा प्रकार आहे. जवसाच्या चटणीतील तेलाचे असे थेंब झाल्यावर लायपेज त्यांचे मेदाम्ले व मोनोग्लिसराइड यांत विघटन करते. काम झालेले पित्तक्षार शेषांत्रात पुन्हा शोषले जातात व यकृतात परत जातात. सुमारे ९५ टक्के पित्तक्षार अशा रीतीने पुन्हा वापरात येतात.

मराठी बोलण्यात जळजळ, आंबट ढेकर आणि मळमळ यांना ‘पित्त झाले’ असे म्हणतात. या तक्रारींमागे मात्र बहुधा जठरातील आम्ल वर अन्ननलिकेत येणे हे कारण असते. यकृतात तयार होणारा पित्तरस आम्लधर्मी नसून किंचित अल्कधर्मी असतो. आयुर्वेदातील पित्त ही संकल्पनाही या रसापुरती मर्यादित नाही. त्यामुळे ‘पित्त’ या एकाच शब्दाचे तीन भिन्न अर्थ वापरात आहेत.

पचनाची शेवटची पायरी आतड्याच्या अस्तरावरच पार पडते. तेथील माल्टेज, सुक्रेज व लॅक्टेज ही विकरे शर्करांचे ग्लुकोजसारख्या एकरेणवी शर्करांत रूपांतर करतात, तर पेप्टिडेज विकरे प्रथिनांच्या लहान तुकड्यांचे अमिनो आम्लांत रूपांतर करतात.

शोषण

लहान आतड्याचे अस्तर गुळगुळीत नसते. त्यावर घड्या असतात, घड्यांवर अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे बोटांसारखे रसांकुर असतात आणि रसांकुरांवरील प्रत्येक पेशीवर त्याहून सूक्ष्म उंचवटे असतात. या रचनेमुळे शोषणाचा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो. जुन्या पाठ्यपुस्तकांत हा पृष्ठभाग टेनिसच्या मैदानाएवढा असल्याचे सांगितले जाई. २०१४ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या मोजमापानुसार संपूर्ण अन्नमार्गाचा आतील पृष्ठभाग सुमारे ३२ चौरस मीटर भरतो आणि त्यातील बहुतांश वाटा लहान आतड्याचा असतो. अस्तरातील पेशींचे आयुष्य अवघे ३ ते ५ दिवसांचे असते.

ग्लुकोज व अमिनो आम्ले रसांकुरांतील केशवाहिन्यांत शिरतात आणि एका मोठ्या शिरेतून प्रथम यकृताकडे जातात. यकृत जास्तीचे ग्लुकोज ग्लायकोजेनच्या रूपात साठवते, काही विषारी द्रव्ये निष्प्रभ करते आणि मगच रक्त पुढे सोडते. स्निग्ध घटकांचा मार्ग वेगळा असतो. अस्तराच्या पेशींत त्यांची पुन्हा जुळणी होते, ते लसीकावाहिन्यांत शिरतात आणि छातीतील मोठ्या लसीकावाहिनीमार्गे रक्तात मिसळतात. ब-१२ जीवनसत्त्वाचे शोषण शेषांत्रात होते. त्यासाठी जठरातून स्रवणारे एक विशिष्ट प्रथिन त्याला जोडले जावे लागते.

मोठे आतडे

लहान आतड्यातून पुढे जाणारा पातळ अवशेष मोठ्या आतड्यात १२ ते ३६ तास किंवा त्याहूनही अधिक काळ राहतो. तेथे पाणी व क्षार शोषले जातात आणि मल घट्ट होतो. अंबाडीच्या भाजीतील आणि ज्वारीच्या कोंड्यातील तंतू पचवणारी विकरे माणसाकडे नाहीत. मोठ्या आतड्यातील जीवाणू त्यांपैकी काही तंतू आंबवतात. त्यातून तयार होणारी लहान साखळीची मेदाम्ले मोठ्या आतड्याच्या पेशींचे मुख्य इंधन असतात. काही जीवाणू के जीवनसत्त्वही तयार करतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार मानवी शरीरातील जीवाणूंची संख्या सुमारे ३८ लाख कोटी, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या पेशींच्या जवळपास आहे. त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात असतात.

तूर, हरभरा, वाल यांसारख्या कडधान्यांमध्ये रॅफिनोज व स्टॅकिओज या शर्करा असतात. माणसाच्या लहान आतड्यात त्यांचे विघटन होत नाही. जीवाणू त्या आंबवतात तेव्हा वायू निर्माण होतो. कडधान्य भिजवून ते पाणी टाकून दिल्यास, तसेच मोड आणल्यास या शर्करांचे प्रमाण घटते.

नियंत्रण

पचनसंस्थेचे नियंत्रण चेतातंतू आणि संप्रेरके या दोन मार्गांनी होते. अन्नाच्या वासाने किंवा केवळ आठवणीने तोंडाला पाणी सुटते, तेव्हा मेंदूकडून चेतातंतूंद्वारे लाळग्रंथींना व जठराला आज्ञा गेलेली असते. याशिवाय अन्नमार्गाच्या भिंतीत स्वतःचे चेताजाल असून त्यात १० कोटींहून अधिक चेतापेशी आहेत. मेंदूच्या आज्ञेवाचूनही हे जाल क्रमसंकोच चालू ठेवू शकते.

संप्रेरकांपैकी गॅस्ट्रिन जठररस वाढवते, सिक्रेटिन स्वादुपिंडाला बायकार्बोनेट सोडावयास लावते आणि कोलेसिस्टोकायनिन पित्ताशयाचे आकुंचन घडवून आणते. पोट रिकामे असताना वाढणारे घ्रेलिन भूक जागवते. उपाशी पोटी येणारा गुरगुराट हा रिकाम्या जठर-आतड्यांतून ठरावीक अंतराने जाणाऱ्या सफाईच्या लाटांचा आवाज असतो. यालाच बोलीत ‘पोटात कावळे ओरडणे’ म्हणतात.

पाण्याचा हिशेब आणि अतिसार

अन्नाचे शोषण हे पचनसंस्थेचे परिचित कार्य आहे. पाण्याचे पुनःशोषण हे त्याहून कमी परिचित, परंतु तितकेच जीवनावश्यक कार्य होय. प्रौढ व्यक्तीच्या अन्नमार्गात दिवसाला पुढीलप्रमाणे द्रव येतो (आकडे सरासरीचे आहेत):

• अन्न व पेये: २ लिटर
• लाळ: १.५ लिटर
• जठररस: २.५ लिटर
• पित्तरस: ०.५ लिटर
• स्वादुपिंडरस: १.५ लिटर
• आंत्ररस: १ लिटर

या एकूण ९ लिटरपैकी सुमारे ७.५ लिटर लहान आतड्यात आणि १.३ लिटर मोठ्या आतड्यात शोषले जाते. मलावाटे केवळ ०.२ लिटर पाणी बाहेर जाते. म्हणजे पाचकरसांच्या रूपाने शरीर रोज सुमारे ७ लिटर पाणी आतड्यात उसने देते आणि जवळजवळ सर्व परत घेते. ही परतफेड बिघडली की अतिसार (हगवण, जुलाब) होतो. लहान मुलाच्या शरीरातील पाण्याचा साठा मुळातच कमी असल्याने थोड्या तासांच्या तीव्र अतिसारानेही त्याच्या जिवाला धोका उत्पन्न होतो. अतिसारात मृत्यू येतो तो बहुधा जंतूमुळे थेट नव्हे, तर पाणी व क्षार निघून गेल्यामुळे.

कॉलरा (पटकी) हे याचे टोकाचे उदाहरण आहे. या रोगाची दहशत एवढी होती की महाराष्ट्रात गावोगावी तिच्या निवारणासाठी मरीआईची उपासना रूढ झाली. कॉलऱ्याचा जीवाणू आतड्याचे अस्तर फारसे नष्ट करत नाही. त्याचे विष अस्तराच्या पेशींना क्लोराइड क्षार सतत बाहेर टाकावयास लावते आणि क्षारामागोमाग पाणी जाते. तीव्र रोगात तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. या विषाचे अस्तित्व कोलकात्यातील शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये प्रयोगाने दाखवून दिले.

या रोगावरील उपाय आतड्याच्या शोषणक्रियेतच सापडला. अस्तरातील एक वाहक प्रथिन ग्लुकोज व सोडियम यांना जोडीने पेशीत नेते. एकाशिवाय दुसरे या वाटेने जात नाही. सोडियमच्या मागोमाग पाणीही शोषले जाते. ग्लुकोज व सोडियम यांच्या या जोडवाहतुकीची कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. कॉलऱ्याचे विष या वाटेला धक्का लावत नाही. म्हणून नुसते पाणी किंवा नुसते मिठाचे पाणी पुरेसे शोषले जात नसताना, मीठ व साखर योग्य प्रमाणात घातलेले पाणी शोषले जाते. १९६८ मध्ये ढाका येथे या उपचाराच्या यशस्वी चाचण्या झाल्या. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांत कॉलरा पसरला आणि शिरेतून देण्याचे सलाइन अपुरे पडले. तेव्हा दिलीप महलानबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजण्याची व्यवस्था केली. तेथील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला.

जलसंजीवनी (ओआरएस) या नावाने आज हे द्रावण सर्वत्र वापरले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड व २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. पाकीट नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे (चहाचे) साखर व सपाट अर्धा चमचा मीठ विरघळवून तात्पुरते द्रावण करता येते. साखर किंवा मीठ अंदाजाने अधिक घालणे घातक ठरू शकते, कारण दाट द्रावण उलट शरीरातलेच पाणी आतड्यात ओढून घेते. अतिसार झालेल्या बालकाचे दूध व अन्न बंद करू नये आणि त्याला १० ते १४ दिवस जस्त (झिंक) द्यावे, असेही संघटनेचे मार्गदर्शन आहे. डोळे खोल जाणे, लघवी न होणे, सुस्ती, सतत उलट्या किंवा मलातून रक्त जाणे ही लक्षणे असल्यास रुग्णाला विनाविलंब दवाखान्यात न्यावे लागते.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. जुलै २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्याच्या चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी व कोयलारी या गावांत विहिरीचे दूषित पाणी प्यायल्याने अतिसार व कॉलऱ्याची साथ पसरून काही रहिवाशांचा मृत्यू झाला.

आहार आणि शोषण

ताटात वाढलेले अन्न आणि शरीराला मिळालेले अन्न यांचे प्रमाण नेहमी सारखे नसते. अन्नाची घडण, शिजवण्याची रीत आणि सोबतचे पदार्थ यांवर पचन व शोषण अवलंबून असते.

• ज्वारी व तूर: ज्वारीतील काफिरिन ही प्रथिने इतर तृणधान्यांच्या प्रथिनांच्या तुलनेने कमी पचतात. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते; ते तुरीत भरपूर असते. तुरीत मेथिओनिन कमी असते, ते ज्वारीतून मिळते. त्यामुळे भाकरी-वरण एकत्र खाल्ल्याने प्रथिनांचा दर्जा सुधारतो.
• ज्वारी व पेलाग्रा: नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या पेलाग्रा या रोगात त्वचादाह, अतिसार व बुद्धिभ्रम ही लक्षणे दिसतात. दख्खनच्या पठारावर जवळजवळ केवळ ज्वारीवर राहणाऱ्या गरीब लोकांत तो आढळत असे. हैदराबाद येथील सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये त्याचा संबंध ज्वारीतील ल्युसिनच्या आधिक्याशी जोडला. या उपपत्तीवर पुढे मतभेद झाले. परंतु मिश्र आहाराने हा रोग टळतो, हे निर्विवाद आहे.
• लोह: धान्यातील फायटेट व चहातील टॅनिन यांमुळे लोहाचे शोषण घटते, क जीवनसत्त्वामुळे ते वाढते. म्हणून जेवणात लिंबू उपयुक्त ठरते, तर जेवणानंतर लगेच घेतलेला चहा लोहशोषणाच्या दृष्टीने प्रतिकूल असतो. आंबील करताना पीठ आंबवल्याने फायटेटचे प्रमाण कमी होते.
• दूध: अनेक प्रौढांच्या आतड्यात लॅक्टेज कमी असल्याने दूध प्यायल्यावर पोट फुगते किंवा जुलाब होतात. दही व ताक यांत जीवाणूंनी दुग्धशर्करेचा काही भाग आधीच वापरलेला असतो, त्यामुळे ते अनेकांना सोसते.

अभ्यासाचा इतिहास

आयुर्वेदात पचनाचे श्रेय जठराग्नीला दिले आहे. चरकसंहितेत ग्रहणी हे अग्नीचे अधिष्ठान मानले असून चिकित्सास्थानाचा पंधरावा अध्याय ग्रहणीच्या विकारांना वाहिलेला आहे. युरोपात पचन ही केवळ दळण्याची क्रिया आहे की रासायनिक, हा वाद अठराव्या शतकापर्यंत चालू होता. रेओम्यूर व स्पालांझानी यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून जठररसाचे महत्त्व दाखवले.

१८२२ मध्ये अमेरिकेतील मॅकिनॉ बेटावर अॅलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात बंदुकीची गोळी लागली. तो वाचला; पण जठरापर्यंत जाणारे छिद्र कायम राहिले. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्या छिद्रातून दोरीला बांधलेले अन्नाचे तुकडे आत सोडून ते किती वेळात पचतात याच्या नोंदी केल्या व १८३३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. १९०२ मध्ये बेलिस व स्टार्लिंग यांनी सिक्रेटिनचा शोध लावला. पचनावरील संशोधनासाठी इव्हान पाव्हलॉव्ह यांना १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जठरव्रणाचे कारण केवळ तिखट व चिंता नसून हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू त्यास बहुधा कारणीभूत असतो, हे बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी दाखवले. त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

महाराष्ट्रातील एक महत्त्वाचे संशोधन पुण्याच्या केईएम रुग्णालयात झाले. भारतात पूर्वी एक ते तीन वर्षांच्या बालकांत यकृत निकामी करणारा एक जीवघेणा रोग (भारतीय बालयकृतकाठिण्य) आढळत असे. शीला भावे, आनंद पंडित व ब्रिटिश डॉक्टर स्टुअर्ट टॅनर यांच्या अभ्यासातून अशा बालकांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण फार मोठे असल्याचे आणि त्यांना लहान वयातच कल्हई नसलेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेले वरचे दूध दिले गेल्याचे दिसून आले. जास्तीचे तांबे यकृत पित्तरसावाटे बाहेर टाकते. तान्ह्या बालकांत ही क्षमता अपुरी असते. १९८० च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनंतर भांडी बदलण्याचा सल्ला दिला गेला. स्टीलची भांडी घरोघरी आली आणि हा रोग जवळजवळ नाहीसा झाला.

प्रमुख विकार

• आम्लपित्त व जठर-अन्ननलिका प्रतिप्रवाह: जठरातील आम्ल अन्ननलिकेत येऊन जळजळ होते.
• जठरव्रण व ग्रहणीव्रण: हेलिकोबॅक्टर पायलोरीचा संसर्ग व वेदनाशामक गोळ्यांचा दीर्घ वापर ही मुख्य कारणे.
• कावीळ: रक्तात बिलिरुबिन हे रंगद्रव्य वाढल्याने डोळे व त्वचा पिवळी होतात. कावीळ हे लक्षण असून त्याची कारणे विषाणुजन्य यकृतदाहापासून पित्तनलिकेतील खड्यापर्यंत अनेक आहेत. अ व ई प्रकारचे यकृतदाह दूषित पाण्यातून पसरतात.
• आमांश (मुरडा): जीवाणू किंवा अमीबा यांच्या संसर्गाने मोठ्या आतड्याचा दाह होऊन मलातून आव व रक्त पडते.
• आंत्रपुच्छदाह (अॅपेंडिसायटिस): बेंबीभोवती सुरू होऊन उजव्या बाजूस खाली सरकणारे पोटदुखीचे लक्षण. दुर्लक्ष झाल्यास आंत्रपुच्छ फुटण्याचा धोका असतो. अशा पोटदुखीत जुलाबाचे औषध घेऊ नये.
• बद्धकोष्ठता व मूळव्याध: आहारातील तंतू व पाणी यांची कमतरता आणि शौचाची भावना वारंवार दाबणे ही सामान्य कारणे.
• कुपोषणजन्य अपशोषण: दीर्घ कुपोषणात रसांकुर झिजतात व शोषण घटते. त्यामुळे अतिसार होतो आणि अतिसाराने कुपोषण वाढते, असे दुष्टचक्र तयार होते.

मेळघाटासारख्या काही भागांत पोटफुगी झालेल्या तान्ह्या मुलाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने डागण्या देण्याची प्रथा आढळली आहे. तिला कोणताही वैद्यकीय आधार नाही. डागण्यांनी आतड्यातील वायू किंवा संसर्ग दूर होत नाही; उलट भाजल्याची जखम व जंतुसंसर्ग यांची भर पडते आणि मूळ विकारावरील उपचारास उशीर होतो.

हेही पहा

• अतिसार
• जलसंजीवनी
• यकृत
• विकर
• ज्वारी